लाइट गेली, हे मला कळलंच नाही

मागच्या मे महिन्यात आमच्या इन्व्हर्टरची बॅटरी बसली. आई आणि मी विरार पूर्वेला, मनवेलपाड्याच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर राहतो. बॅटरी सहा वर्षं जुनी होती, दीडशे ॲम्पिअर-अवरची ट्युब्युलर. दर दोन-तीन महिन्यांनी तिला डिस्टिल्ड वॉटर द्यायचं आणि टर्मिनलवर साचलेली पांढरट-हिरवी खरपुडी गरम पाण्याने धुऊन काढायची, हे माझं काम. शेवटी शेवटी लाइट गेली की वीस मिनिटांत पंखा मंदावायचा आणि इन्व्हर्टर किंकाळ्या मारायला लागायचा. मग आम्ही मुकाट्याने बाल्कनीत किंवा खाली.

नवीन काय घ्यावं म्हणून मी आठवडाभर विरार लोकलमध्ये उभ्याउभ्या व्हिडिओ बघितले. त्यातले निम्मे परदेशातल्या कॅम्पर व्हॅनचे निघाले. कुणी एक जोडपं गाडीतलंच घर करून फिरतंय, सीटखालच्या जड लेड-ॲसिड बॅटऱ्या काढून लिथियम बसवतंय, इन्व्हर्टर बदलतंय आणि मग डोंगरावर गाडी लावून निवांत कॉफी पितंय. वायर नाही, खांब नाही, कुणाचं देणं नाही. मला ते फार आवडलं. ईएमआयवर मीही लिथियम घेतली.

बसवायला आलेल्या इलेक्ट्रिशियनने आधीच सांगितलं होतं की नुसती बॅटरी बदलून भागणार नाही. जुना इन्व्हर्टर ट्युब्युलरच्या हिशेबाने व्होल्टेज चढवतो, ते लिथियमला सोसत नाही. तसं झालं की आतलं संरक्षक सर्किट बॅटरी तोडून टाकतं. म्हणून लिथियम मोड असलेला इन्व्हर्टरही नवा घ्यावा लागला. जुनी बॅटरी जिन्यावरून उतरवायला दोन माणसं लागली, साठ किलोच्या आसपास वजन होतं तिचं. नवी त्याने एका हातात धरून वर आणली. शंभर ॲम्पिअर-अवर, साधारण तेरा किलो. आकडा जुनीपेक्षा लहान दिसतो, पण लेड-ॲसिड निम्म्याच्या खाली उतरवत राहिलं की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. लिथियम फॉस्फेटची बॅटरी मात्र जवळजवळ तळापर्यंत वापरता येते आणि हजारो वेळा भरता येते. दोन पंखे, तीन एलईडी आणि राउटर मिळून दोनशे वॅट धरले, तर पाच-साडेपाच तास आरामात.

जाताजाता त्याने विचारलं, “बझर ठेवू का बंद करू? लाइट गेली की वाजतो.”

मी म्हटलं, “बंदच करा. आईची झोप मोडते.”

त्या एका वाक्यामुळे मी हा लेख लिहितोय.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिलं वादळ आलं. सकाळी कामावर निघालो तेव्हा जिन्यात तळमजल्यावरच्या काकू भेटल्या. डोळे लाल. रात्री बारा वाजायच्या आत लाइट गेली होती आणि पहाटे चारला आली. त्यांच्या सासूबाईंना दमा आहे, घरात नेब्युलायझर आहे. रात्री दीड वाजता आजींना धाप लागली. नेब्युलायझर विजेवर चालणारं, घरात इन्व्हर्टर नाही. पावसात रिक्षा शोधून त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. सकाळपर्यंत आजींना बरं वाटलं, घरीही आणलं.

“लाइट गेली होती?” मी विचारलं.

काकूंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिच्यात राग नव्हता. नवल होतं.

ट्रेनमध्ये मी इन्व्हर्टरचं ॲप उघडलं. त्यात सगळी नोंद असते. रात्री दीड वाजता माझी बॅटरी ऐंशी टक्के भरलेली होती. नेब्युलायझरला शंभर-दीडशे वॅट लागतात, तेही दहा-पंधरा मिनिटं. माझ्या घरातली वीज तीन मजले उतरून यायला एक चार्जिंगचा प्लग मोकळा असणं पुरेसं होतं. वायर टाकायचीही गरज नव्हती, मशीन वर आणलं असतं तरी चाललं असतं.

संध्याकाळी मी काकूंना विचारलं, “माझं दार का नाही वाजवलंत?”

त्या म्हणाल्या, “आधी तुम्ही पण खाली यायचात ना, तेव्हा विचारायला सोपं होतं. आता तुमचा पंखा चालू, दार बंद. झोपलेल्या माणसाला कसं उठवायचं?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही पूर्ण नाही.

माझ्या एका मित्राला हे सांगितलं तेव्हा तो हसला. म्हणाला, “उगाच अपराधी वाटून घेतोस. तू पंखा बंद करून घामाघूम बसला असतास तर आजींचा दमा थांबला असता का?” त्याचं म्हणणं सहज उडवून लावण्यासारखं नाही. तत्त्वज्ञ डेरेक परफिट याने हा मुद्दा नेटका मांडला आहे. समानता हेच मूल्य मानलं, तर डोळस माणसांचे डोळे काढून सगळ्यांना आंधळं करण्यातही काहीतरी चांगलं आहे असं म्हणावं लागेल. त्यातून कुणाचंच भलं होत नसताना ते चांगलं कसं? माझा पंखा बंद केल्याने जगातला अंधार कमी होत नाही. उकाड्यात बसणं हे पुण्य नाही. आईचं वय बघता तर ते पापच.

म्हणजे माझी चूक पंखा चालू असण्यात नव्हती. मग ती होती तरी का? आणि असली तर कशात?

विचार करताना मला जुनी बॅटरी आठवली. ती वाईट होती, पण तिला मर्यादा होती. लाइट गेली की ती ओरडायची, तास-दीड तासाने मान टाकायची आणि मग मी खाली उतरायचो. खाली दहा-पंधरा माणसं असायची. कुणाकडे वायरमनचा नंबर, कुणाला कुठल्या डीपीवर ठिणगी उडाली ते माहीत. एखादा बाइक काढून वीज कार्यालयात जायचा. कुणाच्या घरी आजारी माणूस आहे, कुणाची परीक्षा आहे, हे तिथेच कळायचं. त्या अंधारात काही फार उदात्त घडत होतं असं नाही. बहुतेक वेळ शिव्या आणि डास. पण बातमी पोचत होती. माझ्या दोषी बॅटरीने मला इतरांच्या वेळेत आणून उभं केलं होतं. नव्या निर्दोष बॅटरीने ते बंद केलं. माझं सुख वाढलं त्यात गैर काही नाही. गैर हे की त्याच्याबरोबर माझं अज्ञान वाढलं, आणि ते मी स्वतः, एका वाक्यात, मागून घेतलं.

आपण सहसा मानतो की जे माहीत नव्हतं त्याबद्दल माणूस जबाबदार नाही. ते बरोबरच आहे, जोवर न कळणं आपल्यावर येऊन पडलेलं असतं. पण काही न कळणी आपण विकत घेतो. काच वर करतो, हेडफोन लावतो, ग्रुप म्यूट करतो, बझर बंद करतो. त्यानंतर “मला कळलंच नाही” हे वाक्य खरं असतं, पण निर्दोष नसतं.

अल्बर्ट हर्शमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाचं १९७० सालचं ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ हे छोटं पुस्तक आहे. त्याचा जन्म १९१५चा, बर्लिनमधला. नाझींमुळे त्याला देश सोडावा लागला. सोडून जाणं आणि राहून बोलणं यांतला फरक त्याला पुस्तकाबाहेरही माहीत होता. त्याचं म्हणणं असं: एखादी व्यवस्था बिघडली की माणसापुढे दोन वाटा असतात, निघून जायचं किंवा आवाज करायचा. नायजेरियातल्या रेल्वेचं उदाहरण त्याने दिलं. रेल्वे वाईट चालली होती आणि शेजारी ट्रकची सोय होती. स्पर्धेमुळे रेल्वे सुधारायला हवी होती, सुधारली नाही. कारण ज्यांना सेवेची सर्वात जास्त फिकीर होती आणि ज्यांच्या तक्रारीला वजन होतं, तेच आधी ट्रककडे गेले. मागे उरले ते बोलू न शकणारे.

आमच्या इमारतीत हेच झालं. पहिला इन्व्हर्टर आला तो ज्याच्या ओळखी होत्या त्याच्याकडे. दुसरा, जो तक्रारअर्ज नीट लिहायचा त्याच्याकडे. नंतर माझ्याकडे. आता लाइट गेली की खाली उतरणाऱ्यांत रिक्षावाले दादा, काकूंचं कुटुंब, भाड्याने राहणारी चार पोरं. ते फोन करतात, पण ‘सोसायटीचे सेक्रेटरी बोलतोय’ म्हणणारं कुणी नसतं.

आमची गोष्ट मात्र रेल्वेपेक्षाही वाईट आहे. रेल्वे सोडणारा माणूस निदान तिकीट काढायचं थांबवतो, म्हणजे गल्ल्यावर तरी कळतं. मी काहीच सोडलेलं नाही. बिल भरतोय, उलट थोडं जास्तच, कारण बॅटरीत साठवून परत काढताना काही वीज वाया जाते. म्हणजे मी निघूनही गेलो नाही आणि बोललोही नाही. पैसे देत राहिलो आणि गप्प बसलो. कुठल्याही बिघडलेल्या व्यवस्थेला याहून चांगला ग्राहक मिळायचा नाही.

कॅम्पर व्हॅनवाल्यांची आणि माझी तुलना इथेच संपते. डोंगरावर खरोखरच खांब नसतो. तिथे स्वतःची बॅटरी ही गरज आहे, तिने कुणाचा आवाज कमी होत नाही. मी मात्र सोळा घरांच्या इमारतीतल्या एका फ्लॅटची व्हॅन करून टाकली, आणि ती लावलेली तिथेच, काकूंच्या डोक्यावर.

हे सगळं वसईला नवं नाही. नवं वाटतं ते आपण इथे नवे असल्यामुळे. वसई पश्चिमेला निर्मळ, गास, भुईगाव या पट्ट्यात अजूनही बावखलं दिसतात. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं खोदलेलं तळं, काठावर झाडं, भोवती केळी-भाजी-फुलांच्या वाड्या. पूर्वी त्यावर रहाट चालायचा. बहुतेक बावखलं अनेक कुटुंबांच्या सामाईक मालकीची. पावसाळ्यात ती भरायची, पाणी जमिनीत मुरवायची आणि जवळच्या समुद्राच्या खारेपणाला थोपवून धरायची. मग घरोघरी बोअर आल्या. बोअर मारणाऱ्याने काही गुन्हा केला नाही, त्याला पाणी हवं होतं. पण ज्याच्या परसात बोअर आहे त्याला बावखलाचा गाळ काढायला यायचं कारण उरत नाही. गाळ साचला, कचरा पडला, कित्येक बावखलं बुजवली गेली. आणि जमिनीतून उपसा वाढला तसं अनेक विहिरींचं पाणी मचूळ झालं. म्हणजे ज्या गोड्या पाण्यावर बोअर अवलंबून होती, ते राखणारी व्यवस्थाच बोअरने दुबळी केली. गेल्या काही वर्षांत काही गावांतली मंडळी बावखलांचा गाळ पुन्हा काढायला लागली आहेत. बोअर बुजवून नव्हे, बोअर असतानाच. हे मला महत्त्वाचं वाटतं.

आवाज कसा करतात हेही वसईकरांना शिकवायला नको. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने टँकरने होणाऱ्या पाण्याच्या उपशाविरुद्ध, बेबंद बांधकामांविरुद्ध लोकांना रस्त्यावर आणलं होतं. त्यातल्या अनेकांच्या स्वतःच्या विहिरीला पाणी होतं. तरी ते आले.

बॅटरीच्या बाबतीत बोअरसारखं काही होतं का? होतं, आणि ते मला इलेक्ट्रिशियननेच दाखवलं. जुना इन्व्हर्टर बॅटरी हळूहळू भरायचा, दोनशे वॅटच्या आसपास, दहा-बारा तास. लिथियम भराभर भरून घेते, ही तिची जाहिरात. माझा नवा इन्व्हर्टर ४० ॲम्पिअरने चार्ज करायला लावलेला होता, म्हणजे भिंतीतून साधारण ६५० वॅट. आणि तो हे कधी खेचतो? लाइट आल्याआल्या. नेमकं त्याच क्षणी सगळ्या घरांतले फ्रिज एकदम सुरू होतात, एसी लागतात, टाकीचा पंप चालू होतो, आणि दुरुस्त केलेल्या डीपीवर सगळा भार एकदम येतो. ‘लाइट आली’ म्हणेपर्यंत परत गेली, हा अनुभव आपल्या सगळ्यांचा आहे. त्याला कारणं पुष्कळ असतात. माझे ६५० वॅट त्यात किरकोळ. पण त्या डीपीवरच्या वीस घरांत माझ्यासारखं यंत्र असेल तर ते १३ किलोवॅट होतात, दीड टनाचे आठ-नऊ एसी एकदम लावल्यासारखे. म्हणजे लाइट येण्याच्या त्या नाजूक मिनिटात, ज्याला विजेची सर्वात कमी घाई आहे, तो सर्वात मोठा घास घेतो. काकूंचं नेब्युलायझर रांगेत मागे.

मित्राच्या मुद्द्याला इथे उत्तर मिळतं. माझी सोय आणि काकूंची गैरसोय या दोन वेगळ्या गोष्टी असत्या तर तो बरोबर होता. पण आम्ही दोघं एकाच तारेवर आहोत. माझं भागणं त्यांच्या न भागण्याला, थोडंसं का होईना, जोडलेलं आहे.

जुनी बॅटरीही त्या तारेबाहेर गेलेली नाही. तिच्यात शिसं आहे, आणि शिसं वितळवून पुन्हा वापरता येतं, हा तिचा मोठा गुण. पण ते नोंदणीकृत कारखान्यात वितळलं की कुठल्या शेडमध्ये उघड्या भट्टीवर, यावर आसपासच्या मुलांच्या मेंदूचं भवितव्य ठरतं. शिशाचं प्रमाण कितीही कमी असलं तरी ते मुलांसाठी सुरक्षित मानलं जात नाही. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. मी मात्र इलेक्ट्रिशियनने दोन हजार कमी केले म्हणून बॅटरी देऊन टाकली आणि ती कुठे जाते ते विचारलं नाही. तोही एक बंद केलेला बझरच.

मग करायचं काय? लिथियम विकून टाकायची? नाही. आईला मे महिन्यात पंखा लागतो आणि तो मी देणार. प्रश्न असा आहे की स्वतःची सोय असलेला माणूस सगळ्यांच्या सोयीत आपला वाटा कसा टिकवतो.

याचं एक उदाहरण आपल्याच राज्यात आहे. २००६च्या सुमारास महाराष्ट्रात भारनियमन जोरात होतं. पुण्यात उद्योगांकडे स्वतःचे डिझेल जनरेटर होते. ते आपापल्या गेटच्या आत उजेडात बसू शकले असते. त्याऐवजी उद्योगांची संघटना, वीज कंपनी आणि राज्याचा वीज नियामक आयोग यांनी एक व्यवस्था केली: टंचाईच्या वेळी कारखान्यांनी आपले जनरेटर चालवायचे, तेवढी वीज ग्रिडवरून घ्यायची नाही, आणि ती वाचलेली वीज शहराला द्यायची. डिझेलचा जादा खर्च जास्त वीज वापरणाऱ्या ग्राहकांकडून थोडा थोडा वसूल करायचा. पुण्यातलं भारनियमन थांबलं. ‘पुणे मॉडेल’ म्हणून ते गाजलं.

त्यावर टीकाही व्हायला हवी. डिझेलचा धूर होता, आणि पैसे मोजून शहर उजळत असताना ग्रामीण भागातली गावं तासन् तास अंधारात होती. पैसेवाल्या शहराने आपली सामूहिक व्हॅन केली असंही म्हणता येईल. पण त्यातली एक गोष्ट मला घ्यावीशी वाटते. खासगी यंत्र तेच होतं, डिझेल तेच होतं. फक्त ते कधी चालवायचं हे गेटच्या बाहेरच्या माणसाचा विचार करून ठरलं.

माझ्या हातात एवढं मोठं काही नाही. इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये चार्जिंग करंट असतो. तो मी ४०वरून १० ॲम्पिअरवर आणला. आता बॅटरी भरायला बरेच तास जास्त लागतात. माझं काही अडत नाही. इमारतीतल्या दुसऱ्या दोन इन्व्हर्टरवाल्यांनाही सांगितलं. एकाने लगेच केलं. दुसरा म्हणाला, “परत लगेच गेली तर?” तेही खरं आहे. त्याच्या घरी वडील ऑक्सिजन मशीनवर आहेत. त्याला मी पुन्हा काही म्हटलं नाही.

तळमजल्यावर कायमची वायर टाकायचा विचार होता. इलेक्ट्रिशियनने नकार दिला. एका मीटरची वीज दुसऱ्या घरात नेणं नियमातही बसत नाही आणि सुरक्षितही नाही. म्हणून दाराजवळ एक प्लग मोकळा ठेवलाय. आजींच्या मुलाने एकदा नेब्युलायझर वर आणून लावून पाहिलं, चालतं. काकूंना माझा नंबर दिलाय, आणि दार वाजवा, झोपलो असलो तरी वाजवा, असं दोनदा सांगितलंय. दोनदा सांगावं लागलं, कारण एकदा सांगितलेलं आपण औपचारिक धरतो.

आणि बझर पुन्हा चालू केला. आई वैतागली. “एवढे पैसे घालवून शेवटी ओरडणारंच आणलंस?”

परवा रात्री साडेअकराला तो वाजला. दोन्ही पंखे फिरत होते. अंथरुणात पडून मला वाटलं, आज राहू दे, सकाळी ७ची लोकल आहे. पाचेक मिनिटं तसाच पडलो होतो. मग चप्पल घातली आणि खाली गेलो. सातजण होते. रिक्षावाले दादा म्हणाले, “अरे, तुमच्याकडे पण गेली?”

“सगळ्यांची एकदमच जाते ना,” मी म्हटलं, आणि वीज कार्यालयाला फोन लावला.